‘कर्मठ चर्च’ म्हणे!

विचारणा अशी आहे: अलास्कावरच्या एका प्रवासलेखात सिटका गावातल्या ‘कर्मठ रशियन चर्च’चा उल्लेख आला. ऑर्थोडॉक्सला मराठीत कर्मठ म्हणावं की सनातनी?

दोन्ही नको. ते एका ख्रिस्ती पंथाचं नाव आहे, स्वभावाचं वर्णन नव्हे. आजोबा ऑर्थोडॉक्स असतील तर त्यांना खुशाल कर्मठ म्हणा. पण ‘सनातनी चर्च’ छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं, आणि ते सारखं दिसतं.

आता गंमत बघा. ग्रीक ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, ताठ उभा. आपल्या ‘ऊर्ध्व’चा नातलग. ‘डॉक्सा’ म्हणजे मत, पण ग्रीक बायबलात त्याचा अर्थ महिमा असाही होतो. इंग्रजीवर पोसलेले आपले कोशकार ‘योग्य मत’ सांगून मोकळे होतात. रशियनांसारख्या स्लाव लोकांनी मात्र महिमा उचलला: ‘प्रावोस्लावीये’. ‘प्रावो’ म्हणजे योग्य, आणि ‘स्लावा’ म्हणजे कीर्ती. हा ‘स्लावा’ आपल्या ‘श्रु’ (ऐकणं) धातूच्या घरातला! आपल्या ‘श’च्या जागी त्यांचा ‘स’ येतो (शत, रशियनमध्ये ‘स्तो’), आणि ‘र’च्या जागी ‘ल’. वेदांमधलं ‘श्रवस्’ म्हणजे कीर्ती, लोकांच्या कानांवर गेलेलं नाव. शब्दाला रशियनमध्ये ‘स्लोवो’ म्हणतात, तो तर या श्रवस्‌चा सख्खा भाऊ.

माझं म्हणणं असं की अलास्कातली चर्चं या ‘श्रु’वरच उभी राहिली. 1794 मध्ये रशियन साधू कोडियाक बेटावर उतरले. बेटं शेकडो मैल पसरलेली आणि पाद्री मोजके. म्हणून बऱ्याच गावांत आधी ‘चासोव्न्या’ उभी राही. ‘चास’ म्हणजे तास, प्रहर. प्रहरांच्या प्रार्थना वाचायची लहानशी लाकडी वास्तू. तिच्यात वेदी नसते, त्यामुळे पाद्री नसला तरी अडत नाही. एक वाचणारा हवा आणि ऐकणारे हवेत. 1824 मध्ये उनालास्का बेटावर आलेल्या इव्हान वेनियामिनोव्ह या पाद्र्याने तिथल्या मूळ रहिवासी अल्यूत लोकांना सुतारकाम, गवंडीकाम शिकवलं आणि त्यांच्यासोबत स्वतः राबून चर्च बांधलं. इव्हान पांकोव्ह या अल्यूत मुखियाच्या मदतीने त्याने बायबलातलं मत्तयाचं शुभवर्तमान अल्यूत भाषेत आणलं. म्हणजे भिंतीही त्यांच्या हातच्या आणि कानावर पडणारा शब्दही त्यांचाच.

ही सगळी चर्चं अलास्कात फरचा व्यापार करणाऱ्या रशियन कंपनीची देणगी, असं सांगणारे इतिहासकार मला अजिबात पटत नाहीत. 1867 मध्ये रशियाने अलास्का विकला, कंपनी गेली. उनालास्काचं आजचं चर्च त्यानंतरचं, 1890 च्या दशकातलं, केनाई गावचंही. रशियातून पैसा पुढेही येत होता, मान्य. पण पाद्री नसताना गावोगावी वाचणारे गावचेच होते ना?

सिटकाचं ते चर्च 1848 चं. ओंडक्यांच्या भिंती, आतून शिडाचं कापड लावलेलं. मनोऱ्यातलं घड्याळ वेनियामिनोव्हने स्वतः बनवलेलं. तेव्हा तो बिशप होता. 2 जानेवारी 1966 ला ते जळालं, तेव्हा गावकऱ्यांनी रांग धरून एकेक पवित्र चित्र हातोहात बाहेर काढलं. आजची इमारत त्याच घडणीची, पण आगीला दाद न देणारी. लेखकमहाशय तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांना सुचला तो शब्द ‘कर्मठ’!