वाचकांचे प्रश्न : सोरा, खरूज आणि ‘आत दाबलेला’ रोग

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तान्हेपणी त्याच्या गालांवर आणि कोपरांच्या लवणीत इसब होते, ते मलमाने बरे झाले. चौथ्या वर्षापासून त्याला धाप लागते आणि आता डॉक्टरांनी रोजचा पंप दिला आहे. आमच्याकडच्या होमिओपॅथी डॉक्टरांनी घरात कुणाला खरूज, क्षय, गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया) झाला होता का, असे विचारले. सासऱ्यांना लहानपणी खरूज झाली होती हे कळल्यावर ते म्हणाले, “हा सोरा मायाझम आहे, मलम लावून तुम्ही तो आत दाबला.” तेव्हापासून सासूबाई मला बोल लावतात. सोरा म्हणजे नेमके काय? तो आजोबांकडून नातवाकडे येतो का? पंप बंद करावा का?
— एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लांबणीवर टाकण्याजोगे नाही. पंप आपल्या मनाने बंद करू नका. रोजच्या पंपातले औषध श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवते आणि ते अचानक सोडल्यास मुलाला जोराचा झटका येऊ शकतो. गोळ्या सुरू करायच्या असतील तर पंप चालू ठेवून करा, आणि तसे दोन्ही डॉक्टरांना सांगा.

आता सोरा. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान (1755–1843) यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली होती. लक्षणांशी जुळणारे औषध दिले की रुग्णाला काही काळ बरे वाटे, पण जुनाट दुखणी पुन्हा डोके वर काढत. या अपयशाचे कारण त्यांनी बारा वर्षे शोधले आणि 1828 साली जुनाट रोगांवरील आपल्या ग्रंथात उत्तर मांडले. शरीरात एक मूळ संसर्गजन्य दोष ठाण मांडून बसलेला असतो, तो उपटल्याशिवाय वरवरची लक्षणे परत परत येणारच, असा त्या मांडणीचा गाभा आहे. अशा दोषाला त्यांनी मायाझम म्हटले आणि त्याचे तीन प्रकार मानले : खरजेतून येणारा सोरा, चामखिळींसारख्या कोंबांचा सायकोसिस आणि गरमीचा सिफिलिस. जुनाट रोगांपैकी निदान सात अष्टमांश सोऱ्यातून उपजतात, असा त्यांचा दावा होता, आणि हा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरत येतो, असेही ते मानत.

हा विचार त्यांना सुचला तो मुख्यतः गरमीकडे पाहून, असे मला वाटते, आणि तेवढ्यापुरते त्यांचे निरीक्षण अचूक होते. गरमीत जननेंद्रियावर एक न दुखणारा व्रण उठतो आणि तीन ते सहा आठवड्यांत औषधाशिवायही भरून येतो. रोग मात्र आत राहतो, पुढे अंगावर पुरळ येते, आणि काही रुग्णांत कित्येक वर्षांनी मेंदू, मज्जारज्जू किंवा हृदयापासून निघणारी महाधमनी पोखरली जाते. आईकडून तो पोटातल्या बाळालाही होतो. वरचा व्रण गेला म्हणजे रोग गेला असे नव्हे, हे या एका रोगाबाबत शब्दशः खरे आहे. हानेमान यांनी तोच न्याय खरजेला लावला : फोड ही आतल्या रोगाची खूण आहे, ती मलमाने पुसली तर रोग आत फोफावेल. खरूज दबल्यानंतर दमा झाला, सर्वांगाला सूज आली, अशी जुन्या वैद्यांनी लिहून ठेवलेली अनेक उदाहरणे त्यांनी आधाराला घेतली.

पण खरूज हा तसा रोग नव्हे. ती कातडीत बिळे करून राहणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे होते. हानेमान हयात असतानाच, 1834 साली, पॅरिसमध्ये रेनुची या कॉर्सिकाहून आलेल्या विद्यार्थ्याने रुग्णाच्या कातडीतून सुईने तो किडा काढून दाखवला. किडा मेला की रोग संपतो. आजोबांची खरूज नातवाच्या रक्तात उतरत नाही.

मग आधी इसब आणि नंतर दमा, हा क्रम इतक्या घरांत दिसतो तो कसा? क्रम खराच आहे, बालरोगतज्ज्ञही तो ओळखतात. काही मुलांची प्रकृती जन्मतः ॲलर्जीकडे झुकलेली असते. अशा मुलाच्या कातडीचे संरक्षक आवरण कमकुवत असल्याने पहिल्या वर्षा-दोन वर्षांत इसब दिसते, आणि त्याच प्रवृत्तीतून पुढे काहींना दमा किंवा सततची सर्दी जडते. मलम न लावलेल्या मुलांतही हाच क्रम दिसतो. ही प्रवृत्ती वारशाने येते, तेव्हा घरात कुणाला दमा, इसब किंवा धुळीची ॲलर्जी आहे का, हे विचारणे योग्य. सासऱ्यांची खरूज इथे गैरलागू आहे. सासूबाईंना एवढे अवश्य सांगा की मलम लावले नसते तरी धाप लागण्याची शक्यता तेवढीच होती.

दाबण्याच्या समजुतीला आपल्या भागात खतपाणी मिळते ते नायट्यामुळे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या मिश्र मलमात बहुधा तीव्र स्टेरॉईड असते. चार दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती मंदावल्याने बुरशी निवांत पसरते आणि मलम सोडताच दुप्पट जोमाने उसळते. इथे रोग दबतो ही तक्रार रास्त आहे. मात्र तो दबतो तिथेच, कातडीत. फुप्फुसात जाऊन दमा होत नाही.

प्रश्न : मी बीएचएमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हानेमान तीन मायाझम सांगतात, काही सर पाच शिकवतात आणि एका कार्यशाळेत दहा सांगितले गेले. खरे कोणते मानावेत?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : परीक्षेत ज्याचे मत विचारले असेल त्याचे लिहा. हानेमान यांचे तीनच. अमेरिकी होमिओपॅथ जे. एच. ॲलन यांनी 1908 मध्ये क्षयप्रवृत्तीला ‘स्यूडोसोरा’ म्हणून वेगळे स्थान दिले, पुढे कर्करोगाचा मायाझम जोडला गेला आणि पाच झाले. मुंबईचे होमिओपॅथ राजन शंकरन यांच्या पद्धतीत मलेरिया, टायफॉईड, गजकर्ण, कुष्ठ अशी नावे येऊन संख्या दहावर जाते. तिथे मात्र टायफॉईड मायाझम म्हणजे टायफॉईडचा संसर्ग नव्हे. आपली परिस्थिती रुग्णाला किती निकडीची किंवा किती हताश वाटते, त्याची पातळी त्या नावाने दाखवली जाते. म्हणजे ज्याला हानेमान रोगाचे कारण म्हणत होते, ते आज अनेक चिकित्सक केस वाचण्याची आणि सल्फर, थुजा, मर्क सॉल या औषधांपैकी निवड करण्याची चौकट म्हणून वापरतात. रोगाच्या कारणांबाबत म्हणाल, तर परम्याचा जंतू 1879 मध्ये, क्षयाचा 1882 मध्ये आणि गरमीचा 1905 मध्ये सापडला. जननेंद्रियावरील कोंब विषाणूमुळे होतात हेही आता ठरलेले आहे. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजारात मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. दवाखाना थाटण्यापूर्वी तो अहवाल स्वतः वाचावा.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात मुलांना खरूज झाली आहे. ऊसतोडीला गेलेल्या काही पालकांनी “मलम लावू नका, रोग आत जाईल” असे फोनवर कळवले. काय करावे?
— एक अधीक्षक, हिंगोली जिल्हा

उत्तर : मलम लावावे, आणि सर्वांना एकाच रात्री लावावे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून पर्मेथ्रिन 5 टक्के मलम घ्या. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, काखेत, कमरेच्या करदोट्याखाली कुठेही जागा न सोडता लावून सकाळी अंघोळ घालावी, आणि सात दिवसांनी पुन्हा तसेच करावे. ज्यांना खाज नाही त्यांनाही लावायचे, कारण पहिल्यांदा खरूज होणाऱ्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याच दिवशी कपडे आणि चादरी कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. गोधड्या धुणे शक्य नसेल तर पिशवीत घट्ट बांधून तीन दिवसांहून थोडे अधिक बाजूला ठेवाव्यात, माणसाच्या अंगाबाहेर किडा त्यापुढे सहसा जगत नाही.

किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते. “मलम लावूनही खाजवतोय, म्हणजे आत गेले,” हा समज तिथूनच पसरतो, म्हणून पालकांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवा. खाजवून चिघळलेल्या, पू धरलेल्या फोडांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. त्यातल्या काही जंतूंमुळे दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी चेहरा, विशेषतः पापण्या सुजलेल्या दिसतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. खरजेनंतर सर्वांगाला सूज आल्याच्या ज्या जुन्या नोंदी हानेमान यांनी जमवल्या, त्यांतल्या काही याच असाव्यात, आणि त्यामागे फोडांवर लावलेले मलम नसून चिघळू दिलेले फोड असतात. असे मूल दिसल्यास त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या.