ई-बुकवर सवलत असली की भरपूर वाचणारे लोक जास्त पुस्तकं घेतात का?

हो, घेतात, वाचन मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, वाढतो तो न वाचलेल्यांचा साठा. कागदी पुस्तकाला कपाटात जागा लागते, ई-बुकला लागत नाही, त्यामुळे 'आत्ता स्वस्त आहे, घेऊन ठेवू' म्हणताना हात आखडत नाही. मी आठवड्याला दोन पुस्तकं संपवतो, तरी माझ्या ई-बुक रीडरवर सवलतीत घेतलेली कित्येक पुस्तकं अजून उघडलेलीही नाहीत. दुसरी सवय लागते ती थांबण्याची: पुस्तक विशलिस्टमध्ये टाकायचं आणि किंमत उतरेपर्यंत नमुन्याच्या पानांवर भागवायचं. २००७ मध्ये किंडल हे ई-बुक वाचायचं उपकरण आलं तेव्हा अ‍ॅमेझॉनने बरीचशी नवी बेस्टसेलर ९.९९ डॉलरला ठेवली होती. असा एखादा आकडा एकदा डोक्यात बसला की त्यापुढची किंमत लूट वाटू लागते. मालिकेचा पहिला भाग फुकट किंवा नाममात्र किमतीत देतात तेही उगाच नाही, गोडी लागली की पुढचे भाग आपण पूर्ण किमतीत घेतो. अपवाद आवडत्या लेखकाच्या नव्या पुस्तकाचा. ते यायच्या आधीच नोंदवलेलं असतं, सवलत गेली खड्ड्यात!