‘मानवी हक्क’ की ‘मानवाधिकार’?

प्रश्न : आमच्या शाळेतली मुलं १० डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी फलक रंगवताहेत. कोणी ‘मानवी हक्क दिन’ म्हणतं, कोणी ‘मानवाधिकार दिन’. एकाने तर ‘मानवी अधिकार दिन’ लिहूनही टाकलं. यातलं बरोबर कुठलं? – एक शिक्षिका, ऐरोली

ताई, व्याकरणाने तिन्ही शुद्ध आहेत. ‘मानव’ आणि ‘अधिकार’ यांचा सरळ संधी होऊन ‘मानवाधिकार’ होतो आणि बातम्यांत तो सर्रास दिसतो. तरी मला विचाराल तर फलकावर ‘मानवी हक्क दिन’ लिहा. संविधानाच्या मराठी प्रतीत तिसऱ्या भागाचं नाव ‘मूलभूत हक्क’ आहे (हिंदीत ‘मूल अधिकार’), आणि आपल्या राज्याचा आयोगही ‘महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग’ आहे. पण नुसत्या सरकारी नावांसाठी मी आग्रह धरला नसता. माझं कारण मराठीच्या क्रियापदांत आहे.

अधिकार देतात, सोपवतात, काढून घेतात, गाजवतात. हक्क सांगतात, मागतात, बजावतात. दुसऱ्याचा हक्क डावलतात. अधिकार म्हटला की तो कोणी दिला, हे आलंच. हक्क डावलला गेला तरी ज्याचा त्याचाच राहतो.

ठाण्याहून सकाळची लोकल पकडणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तिघांच्या बाकावर चौथा येतो, ‘जरा सरका’ म्हणतो आणि टेकतो. त्याच्याकडे कुठलाही कागद नसतो, तो हक्काने म्हणतो. टीसी मात्र तिकीट मागतो ते अधिकाराने. त्याची नेमणूक झालेली असते म्हणून.

आता हेच गंभीर ठिकाणी लावून बघा. पोलिसाला अटक करण्याचा अधिकार असतो. अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं जाण्याचा हक्क असतो. संविधानाच्या अनुच्छेद २२ मधलंच हे आहे. म्हणजे एकाचा अधिकार जिथे थांबायला हवा, तिथे दुसऱ्याचा हक्क उभा असतो. मानवी हक्क कशासाठी, असं मुलांनी विचारलं तर मी हेच सांगेन : ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्यापुढे, ज्याच्या हाती काहीच नाही त्याला उभं राहता यावं म्हणून. आणि या दोन्हींना आपण ‘अधिकार’च म्हणू लागलो, तर कुंपण आणि कुंपणाने अडवायचं ते, दोघांचं नाव एक होऊन बसतं. मला ते खरंच खटकतं.

दोन्ही शब्दांचा पूर्वेतिहासही मुलांना सांगण्यासारखा आहे. ‘अधिकार’ संस्कृत. शास्त्रांत त्याचा अर्थ पात्रता. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ मधला अधिकार आपल्याला पाठ असतो; पण स्त्रियांना आणि शूद्रांना वेद शिकण्याचा ‘अधिकार नाही’ असं शतकानुशतकं सांगितलं गेलं, तेही याच शब्दाने. मानवी हक्कांना पात्रता लागत नाही. माणूस असणं पुरतं.

‘हक्क’ मूळचा अरबी, फारसीमार्गे आला. मुळात अर्थ सत्य, आणि ज्याचं त्याला मिळायला हवं ते. ‘हकीकत’ त्याच कुळातली. ‘नाहक’ आणि ‘हकनाक’ही त्याचेच. एखाद्याचा हकनाक जीव गेला म्हणताना आपण नकळत अन्यायाची तक्रारच नोंदवत असतो. मात्र या शब्दाचा भूतकाळही निर्मळ नाही. जुन्या कागदांत हक्क म्हणजे पाटील-कुलकर्णी-देशमुखांचे वतनी हक्क आणि मानपान. ते जन्माने मिळत, पण ठरावीक घरात जन्मलेल्यालाच. टिळकांच्या ‘जन्मसिद्ध हक्क’ या शब्दांनी घराची ती अट काढली आणि अख्ख्या देशाचा दावा मांडला.

देशाच्या आतलं मात्र बाकी होतं. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करणारा बोले ठराव झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचं ठरवलं होतं. म्हणजे अधिकार देऊन झाला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर चालत गेली, पाणी प्यायली, तेव्हा तो हक्क बजावला गेला. ‘बजावणे’ हे क्रियापद मला तिथे पूर्ण कळतं. न्यायालयातला वाद पुढे १९३७ पर्यंत चालला.

आता ‘मानवी’बद्दल. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जो ३० कलमांचा जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरून तिथे स्त्री-पुरुष दोघांनाही कवेत घेणारा शब्द आणवला. आपल्या मराठीला ही अडचण कमी. ‘तो माणूस’ होतो, पण ‘बाईमाणूस’ होतं, ‘गडीमाणूस’ही होतं, आणि अनेकवचनात ‘ती माणसं’ थेट नपुंसकलिंगी. कोणाबद्दल माया दाटून आली की आपण ‘फार भलं माणूस आहे ते’ असंच म्हणतो.

ज्याने ‘मानवी अधिकार’ लिहिलं त्या मुलाला रागावू नका. सरकारी मराठीच दोन्हीकडे झुकते : २००५चा माहितीचा ‘अधिकार’, २००९चा शिक्षणाचा ‘हक्क’, २०१५चा लोकसेवा ‘हक्क’. घरात शेतीचा जुना सातबारा असेल तर गाव नमुना सातच्या माथ्यावर ‘अधिकार अभिलेख पत्रक’ असं छापलेलं त्याला दाखवा. तिथे जमिनीवरच्या हक्कांचीच नोंद असते.

आणि रंगवताना ‘हक्क’ मधला क जोडाक्षरी ठेवा. हिंदीत ‘हक’ चालतं. मराठीने मात्र अरबीतलं ते द्वित्त अजून जपलं आहे.