ती माझी तक्रार करतेय

"मॅडम, बाळ सारखं रडतं. माझंच काहीतरी चुकतंय."

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत ही दोन वाक्यं मी इतक्या जणींकडून ऐकली आहेत की पहिलं आलं की पाठोपाठ दुसरं येणार हे मला ठाऊक असतं. कोणी कळव्याची, कोणी नेरूळहून आलेली. बाळ रडतं ही घटना. माझं चुकतंय हा त्यावरचा आपण काढलेला अर्थ. या दोहोंत अंतर असतं, आणि माझं सगळं काम त्या अंतरातलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मी इतकी वर्षं वापरते ती यासाठीच: त्रास घटनेपेक्षा तिला आपण चिकटवलेल्या अर्थाचा जास्त होतो. तान्ह्या बाळाच्या आईइतकं हे मला दुसऱ्या कोणी शिकवलेलं नाही.

त्यातल्या एकीला इथे सायली म्हणते. नाव आणि ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये बावीसावा मजला. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, सध्या 26 आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेवर. नवरा ऐरोलीला कामाला, घरी यायला रात्रीचे साडेआठ. सासूबाई मदतीला आलेल्या. मुलगी सात आठवड्यांची. पहिल्या दिवशी सायलीच्या खांद्याला बाळाची बॅग होती आणि हातात एक निळी वही.

वहीत पट्टीने रकाने आखलेले. वेळ. किती मिनिटं रडली. मी काय खाल्लं. मी काय केलं. आणि शेवटचा: काय चुकलं. त्या शेवटच्या रकान्यात एकही जागा रिकामी नव्हती. 'फ्लॉवर.' 'पंखा जोरात होता.' 'पाजायला 10 मिनिटं उशीर.' 'मी चिडले होते.' वातूळ म्हणून फ्लॉवर, हरभऱ्याची डाळ, वाटाणा आधी बंद झालं, मग दूध, मग पोळीही. त्या आठवड्यात ती दोन्ही वेळा मऊ भात आणि दुधीची भाजी खात होती. टेस्टरच ती, चूक सापडेपर्यंत शोधत राहायचं हे अंगात मुरलेलं.

मी आधी विचारलं ते बाळाच्या डॉक्टरांबद्दल. हा क्रम मी कधीच चुकवत नाही. जन्माचं वजन 2.8 किलो, आता 4.1. दिवसाला सात-आठ लंगोट ओले. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. हे सांगताना सायलीचा चेहरा पडला.

"ही तर चांगली बातमी आहे."

"बाळात काही नाही म्हणजे माझ्यातच आहे ना, मॅडम?"

मग मी एडिंबराची 10 प्रश्नांची यादी काढली. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाहूल घ्यायला ती 1987 पासून वापरात आहे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा असतो. तो मी नजर न चुकवता विचारते, कारण बायका त्याचं उत्तर द्यायला तयार असतात, विचारणारंच कोणी नसतं. तसं काही नव्हतं. थकवा होता, अपराधी वाटणं होतं, आणि झोप अशी नव्हतीच.

दुसऱ्या भेटीत आम्ही वही पुन्हा वाचली, या वेळी शेवटच्या रकान्यावर हात ठेवून. फ्लॉवर खाल्ला त्या दिवशी पावणेसहा ते नऊ. दुधी खाल्ला त्या दिवशीही पावणेसहा ते नऊ. पंखा जोरात, पंखा बंद, तेच. तिला वेळ लागला, मी घाई केली नाही. मग सांगितलं: बऱ्याच बाळांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. संध्याकाळी ते जास्त असतं. धट्टीकट्टी, पोटभर प्यालेली बाळंही अशी रडतात. आईने अमुक खाल्लं म्हणून नाही.

तिला पटलं, पण उतरलं नाही. पटणं आणि उतरणं यांच्यामध्ये बहुतेक समुपदेशन अडकतं.

तिसऱ्या भेटीत बाळ माझ्यासमोरच रडायला लागलं. तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी. सायली उठली, बसली, खुळखुळा काढला, पाजून पाहिलं. आणि सतत "सॉरी, सॉरी मॅडम." लिफ्टमध्येही ती असंच म्हणते, ती म्हणाली, शेजाऱ्यांना.

"सॉरी कशाबद्दल?"

"ही रडते ना, तेव्हा मला वाटतं ती माझी तक्रार करतेय."

"कोणाकडे?"

ती थांबली. "सगळ्यांकडे. आईंकडे. शेजाऱ्यांकडे. तुमच्याकडे."

एवढ्याशा मुलीला शेजारी माहीत नाहीत, मी माहीत नाही. तिला माहीत आहे तो सायलीचा वास, सायलीचा आवाज. हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि मी एकच शब्द बदलला.

"'माझी' नाही गं. 'माझ्याकडे'. ती तुझ्याकडे तक्रार करतेय."

खोलीत फक्त रडण्याचा आवाज. सायलीने खुळखुळा खाली ठेवला. मुलीला छातीशी धरलं, पाठीवर तळवा टेकवला, हलवणं थांबवलं. "हो का गं," ती म्हणाली. "सांग मला." एवढंच, पुन्हा पुन्हा. बाळ आणखी वीस मिनिटं रडलं. पण त्या वीस मिनिटांत 'सॉरी' एकदाही आलं नाही.

इतकी वर्षं झाली, तरी एखाद्या शब्दाचा प्रत्यय बदलल्यावर माणसाचे खांदे खाली आलेले पाहिले की मला दिवसभर पुरतं. तक्रार थांबवायची असते तेव्हा आई हरते. तक्रार ऐकून घ्यायची असते तेव्हा आई तिथे असली तरी पुरतं.

चौथ्यांदा मी सासूबाईंना बोलावलं. "आमची मुलं अशी रडत नव्हती" हे त्यांचं वाक्य सायलीच्या वहीत दोनदा होतं. मी वाद घातला नाही. विचारलं, "तेव्हा कुठे राहायचात?"

"चरईत, चाळीत."

"संध्याकाळी बाळ कोण घ्यायचं?"

त्या बोलत गेल्या. शेजारच्या काकू घेऊन जायच्या. जाऊबाई घ्यायच्या. वरच्या मजल्यावरची मुलगी शाळेतून आली की कडेवर घेऊन मासुंदा तलावावर जायची. मग त्याच थांबल्या. "म्हणजे रडत असतील हो," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या एकटीच्या कानावर नव्हतं येत."

त्या दिवसापासून सहा ते सात बाळ आजीकडे, खाली बागेत. तो तास सायलीचा, कानावर रडणं न येता. आठवड्यातले दोन दिवस नवरा घरून काम करतो, त्या दिवशी सातनंतर तो. बाहेरून पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. माझ्या मते चाळीतल्या त्या चार हातांची भरपाई केल्याशिवाय बाविसाव्या मजल्यावरच्या आईला कुठलाही सल्ला देणं हा अन्याय आहे.

वाचणाऱ्या आयांना थेट सांगते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध न ओढणं, गळून गेल्यासारखं पडून राहणं, किंवा रडण्याचा सूर एकदम वेगळा लागणं: यात वाट पाहू नका, लगेच डॉक्टर. सहा महिने आईच्या दुधाशिवाय ग्राइप वॉटर, गुटी काही नको. मध तर वर्षभर नको. आणि डोकं फिरायची वेळ आली, तशी ती प्रत्येकीवर येते, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार लोटा, पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बसा. तेवढं रडून बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवल्याने मेंदूला इजा होते, जीवही जाऊ शकतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आईला रडू येणं पुष्कळदा आपोआप निवळतं. त्यापुढेही मन बसलेलंच राहिलं तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

शेवटच्या भेटीला मुलगी साडेतीन महिन्यांची होती. रडणं बरंच ओसरलं होतं. ते माझ्यामुळे नाही, तिच्या वयामुळे. हे मी सायलीलाही सांगितलं. निळी वही बॅगेतच होती. मी मागितली. तिसऱ्या भेटीनंतर एकही रकाना भरलेला नव्हता. मागच्या पानावर बाजाराची यादी होती: फ्लॉवर, वाटाणा, हरभरा डाळ, दूध 1 लिटर.