जुन्या पीसीवर नेटवर्कवरून लिनक्स: आधी एवढंच बघा

पेन ड्राइव्हवरून बूट न होणाऱ्या मशीनसाठी पीएक्सई (नेटवर्क कार्डातून, दुसऱ्या कम्प्युटरवरच्या फाइल घेऊन बूट होण्याची सोय) हा उत्तम मार्ग आहे, आणि वाटतो तेवढा अवघड नाही.

प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ घ्या; १३ मध्ये त्यासाठी इन्स्टॉलरच नाही. केबल मात्र हवीच, वायफायवरून पीएक्सई चालत नाही. बायोसमध्ये 'लॅन बूट रॉम' चालू करून सेव्ह करा, रिस्टार्ट करा. तोवर बूट क्रमात नेटवर्क बहुधा दिसतच नाही.

नवखे हमखास अडकतात ते डीएचसीपीत, म्हणजे मशीनला आयपी पत्ता वाटणाऱ्या सेवेत. राउटर आयपी देतोच आहे, त्यात दुसरा सर्व्हर उभा केला की घरभर गोंधळ. दुसऱ्या कम्प्युटरवर, म्हणजे तुमच्या सर्व्हरवर, डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम प्रॉक्सी मोडमध्ये चालवा: पत्ते राउटर देईल, बूट फाइलचं नाव तुमचा सर्व्हर सांगेल.

बूट अडलं तर स्क्रीनवरचा कोड वाचा:
- ई५१: डीएचसीपीचं उत्तरच नाही. आधी केबल तपासा.
- ई५३: आयपी मिळाला, फाइलचं नाव नाही. प्रॉक्सीची सेटिंग बघा.
- ई३२: टीएफटीपी (बूट फाइल पाठवणारी सेवा) गप्प. बहुतेकदा फायरवॉल; यूडीपी ६९ उघडा.

कार्डात पीएक्सईच नसेल तर आयपीएक्सई (पीएक्सईचं काम करणारा मोफत प्रोग्राम) सीडीवर किंवा फ्लॉपीवर लिहून तिथून बूट करा. प्रीसीड (आपोआप इन्स्टॉल), एनएफएस रूट (नेटवर्कवरच्या डिस्कवरून सिस्टिम चालवणं) वगैरे सध्या बाजूला ठेवा; आधी इन्स्टॉलरचा मेनू दिसू दे.