तुमच्या पाहण्यात एखादा जुना बॉक्सर आला आहे का? त्याने सांगितलेल्या लढतींच्या गोष्टी आठवतात का?

आमच्या गल्लीतच होते एक. सोलापूरचा पूर्व भाग, घराघरात यंत्रमाग, निम्मी गल्ली तेलुगू बोलणारी. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, आम्ही सगळे त्यांना बॉक्सरकाका म्हणायचो. पन्नाशी उलटलेली, नाक एका बाजूला बसलेलं, डाव्या भुवईतून केस न उगवलेली एक रेघ. तरुणपणी खडकीला सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीत, भरती झाले, तिथंच हातमोजे चढवले. परत आल्यावर गिरणीच्या गेटवर पहारेकरी.

सोलापुरात तेव्हा मर्दाचा खेळ म्हणजे कुस्ती. तालमीतली मंडळी काकांची टर उडवायची, 'हातात उशा बांधून कसली मारामारी करताव?' काका चिडायचे नाहीत. म्हणायचे, "कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला, घरी जा. आमच्यात उभा असलेला माणूसबी हरतंय. ते जास्त वंगाळ."

रविवारी दुपारी आम्ही पोरं त्यांच्या ओट्यावर जमायचो. आजूबाजूला माग खटाखट चालू, त्यामुळे काकांची प्रत्येक गोष्ट ओरडूनच सांगितलेली. त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र त्यांची नव्हती, अमेरिकेचा बॉक्सर मुहम्मद अलीची होती. १९७४च्या ऑक्टोबरमध्ये आफ्रिकेतल्या किन्शासाला अली तेव्हाचा जगज्जेता जॉर्ज फोरमनशी लढला. फोरमन पंचवीस वर्षांचा, चाळीस लढती खेळलेला आणि एकही न हरलेला. अली बत्तीसचा. काका बाज उभी करायचे, आमच्यातल्या एकाला तिच्या सुंभाला पाठ लावून उभं करायचे आणि दुसऱ्याला म्हणायचे, हाण. मार बसला की सुंभ मागं जायचा, निम्मा दणका तोच खायचा. "कळलं का बे? अलीनं रिंगच्या दोरीला मार खायला लावलं. आठव्या राउंडला फोरमनचे हातच उचलेनात, तवा अलीनं पाडलं त्याला." पुढे कितीतरी वर्षांनी मी ती लढत पडद्यावर पाहिली, तेव्हा मला आधी बाजच दिसली.

१९८०च्या जानेवारीत अली दिल्लीला आला आणि आपल्या कौर सिंगशी प्रदर्शनी सामना खेळला, तेव्हा तर काकांनी पेपरची घडी आठवडाभर खिशात ठेवली होती. कौर सिंग फौजी, म्हणजे जणू घरचाच. दोन वर्षांनी त्याने एशियाडचं सुवर्ण घेतलं तेव्हा गल्लीत पेढे कोणी वाटले असतील, ते सांगायला नको.

त्यांची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट एकच. पलटणींच्या स्पर्धेतली, एका गुरख्याबरोबरची. काका बँटम वजनात खेळायचे, म्हणजे ११९ पौंडांच्या आत. (बँटम म्हणजे बुटका कोंबडा, हे सांगताना ते मान पुढेमागे करून दाखवायचे.) वजनाच्या आदल्या दिवशी काटा दोन पौंड जास्त दाखवत होता. घरून नेलेली सोलापुरी चादर अंगाला गुंडाळून काका भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारत सुटले. रात्री पाणी बंद. चिंच चघळायची आणि थुंकत राहायचं. सकाळी वजन बसलं.

गुरखा डावखुरा. डावखुऱ्यासमोर पायात पाय अडकतात, म्हणून आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवायचा, हे काकांनी आम्हाला खडूने फरशीवर आखून शिकवलं होतं. "मानेला राईचं तेल चोपडून आल्ता गडी. काय वास!" हे वाक्य दर वेळी यायचं. मग दुसऱ्या राउंडला काकांचा उजवा हात बसायचा, गुरखा खाली, आणि आम्ही सगळी पोरं आकडे मोजायचो. ओकटी, रेंडू, मूडू. मराठी पोरंसुद्धा तेलुगूतच मोजायची, लय बरी लागते म्हणून. "पदी!" झालं की काका हात वर करायचे.

माझ्या वडिलांना चहा पिताना हीच गोष्ट सांगताना मात्र मी ऐकलं होतं की सामना बरोबरीत सुटला. मोठ्यांसमोर माणूस जरा कमी सांगतो, एवढंच वाटलं तेव्हा. पुढे कॉलेजच्या जिमखान्यात नियम वाचायला मिळाले. हौशी स्पर्धेत बरोबरी नसतेच, पंचांना कोणाला तरी एकाला विजयी ठरवावंच लागतं. त्या वयात असं काही हाती लागलं की गप्प बसवत नाही. एका संध्याकाळी वीज गेली, सगळे माग एकदम थांबले, आणि मी विचारलंच. वर हेही विचारलं, की ज्याला तुम्ही लांबून ठोसा मारून पाडलं, त्याच्या मानेचा वास तुम्हाला कसा काय माहीत?

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मागांचा आवाज नसताना त्यांचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बारीक होता.

"तिसऱ्या राउंडला पायात गोळे आले. आदल्या दिवशी पाणीच नव्हतं ना पोटात. हात वर होईना. त्याला दिसलं ते. एक मारला असता तर गेलोच होतो. त्यानं मारलं नाही. आत शिरला, मला मिठीत धरलं आणि उभा ठेवला. पंच ब्रेक ब्रेक ओरडलाला. सोडायचा, परत येऊन धरायचा. घंटा होईपर्यंत माझी हनुवटी त्याच्या खांद्यावर." मग म्हणाले, "तीनही पंचांनी त्यालाच दिलं. बरोबर दिलं."

मी विचारलं, नंतर भेटला का तो?

"रात्री लंगरमध्ये, पलटणीच्या जेवणघरात. त्याला मराठी येत नव्हतं, मला त्याचं येत नव्हतं. चादरीला हात लावून बघलालता. मग देऊन टाकली."

वीज आली. माग सुरू झाले आणि काका परत ओरडून बोलायला लागले.

पुढच्या रविवारी ओट्यावर नवी लहान पोरं होती. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. दुसऱ्या राउंडला काकांचा उजवा हात बसला, गुरखा खाली गेला, आणि काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

ओकटी, म्हटलं मी. बाकीच्यांच्या आधी.