दोन वाट्या दूध आणि शाळा सोडण्याचा निर्णय

सप्रेम नमस्कार,

आपले सविस्तर पत्र मिळाले. सहावीत शिकणाऱ्या आपल्या मुलीने “पृथ्वी फिरते हे कशावरून कळले?” असे वर्गात विचारले, तेव्हा “पुस्तकात आहे तेवढे लिही” असे तिला सांगण्यात आले. त्यानंतर तिला शाळेतून काढून घरीच शिकवावे आणि पुरावा पाहून मत बनवण्याची सवय लावावी, असे आपल्या मनात आले आहे. तिला पुढे विज्ञानात संशोधन करायचे असल्यामुळे ती वाट बंद तर होणार नाही ना, ही आपली काळजी आहे.

वाट बंद होत नाही, मात्र कागदपत्रांची तयारी आधीपासून ठेवावी लागते. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १० नुसार सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे, पण तसे न करणाऱ्या पालकाला शिक्षा करण्याची तरतूद त्यात नाही. त्याच कायद्याच्या कलम ४ मुळे या वयात शाळेत परतावेसे वाटल्यास तिला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू शकतो. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) शाळेत न जाता देता येणारी परीक्षा आहे, आणि राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसण्याची सोयही आहे. या दोन्हींसाठी चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. शाळा सोडल्याचा दाखला मात्र जिवापाड जपा, कारण पुढे पदोपदी तोच मागितला जाईल. बारावी मुक्त विद्यालयातून करायची झाल्यास जेईई या अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी किमान पाच विषय उत्तीर्ण असावे लागतात, आणि ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या पात्रतेसाठी मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना न्यायालयात जावे लागले होते. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, क्लासवाल्यांच्या सांगण्यावर विसंबू नये.

मला अधिक लिहायचे आहे ते आपल्या पत्रातल्या दोन गोष्टींविषयी.

पहिली गोष्ट आपण कौतुकाने कळवली आहे. सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणाच्या रात्री आजींनी दुधात तुळशीचे पान टाकायला सांगितले, तेव्हा मुलीने दोन वाट्यांत दूध घेऊन एकीत पान टाकले, दुसरीत टाकले नाही, आणि सकाळी दोन्हीकडचे दूध चांगले निघाल्यावर “आजीचे खोटे ठरले” असे जाहीर केले. तिची जिज्ञासा खरीच कौतुकाची आहे, परंतु तिचा निष्कर्ष मला मान्य नाही. वाट्या फ्रिजमध्ये होत्या की ओट्यावर, हे आपण लिहिलेले नाही. फ्रिजमध्ये असतील, तर ग्रहण असो वा नसो, एका रात्रीत दूध नासण्याचे कारणच नव्हते. शिवाय ग्रहण नसलेल्या रात्री अशाच दोन वाट्या ठेवून तुलना झालेली नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पान नसलेल्या वाटीतले दूध नासले असते, तर तिने आजींचे म्हणणे मान्य केले असते का? याचे उत्तर प्रयोगाआधी वहीत लिहिलेले नसेल, तर त्या प्रयोगाने कोणाचेच खरे वा खोटे ठरत नाही. ग्रहणाने दूध बिघडते असे मलाही वाटत नाही, पण उत्तर बरोबर असणे आणि ते बरोबर रीतीने मिळवणे यांत फरक आहे, आणि संशोधनात जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला तो आत्ताच कळलेला बरा.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात केलेली फलज्योतिषाची चाचणी तिला अवश्य समजावून सांगा. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका दिल्या होत्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायचे होते. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली, आणि त्यांचे सरासरी यश ४६ टक्के निघाले. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिला एक नाणे चाळीस वेळा उडवायला सांगून छापांची नोंद ठेवायला लावा आणि हाच खेळ दहा दिवस करवून घ्या. निव्वळ योगायोगाने किती उत्तरे बरोबर येऊ शकतात, हे तिला स्वतःच्या वहीतच दिसेल.

दुसरी गोष्ट आपल्याविषयी आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. “शाळेत मुलांची विचारशक्ती मरते हे सिद्ध झाले आहे” असे आपण दोन ठिकाणी लिहिले आहे, पण कोणी, कोणत्या मुलांची कोणाशी तुलना करून सिद्ध केले, ते लिहिलेले नाही. घरी शिकणाऱ्या मुलांच्या यशाचे जे आकडे सांगितले जातात, त्यांत पुष्कळदा स्वतःहून पुढे आलेल्या, सुशिक्षित आणि सवड असलेल्या कुटुंबांचीच मुले असतात. ती शाळेत गेली असती तर मागे पडली असती, हे त्यावरून कळत नाही. आपली मुलगी उद्या आपल्याला हाच प्रश्न विचारील, आणि त्या वेळी घरात तिला “सांगते तेवढे ऐक” हे उत्तर मिळाले, तर शाळा सोडून काय साधले? शाळेत निदान सहा विषयांचे सहा शिक्षक असतात आणि न पटणारा एखादा बाकावरचा सोबतीही असतो, तर घरी बहुतेक वेळा शिकवणारी, तपासणारी आणि रागावणारी व्यक्ती एकच असते.

म्हणून माझा सल्ला असा की, हे वर्ष तिला शाळेतच राहू द्यावे आणि आठवड्यातले दोन तास घरी अशा प्रयोगांच्या नोंदवहीसाठी राखून ठेवावेत. परीक्षेतले साचेबद्ध उत्तर लिहिण्याचा सरावही सोडू नये, कारण मुक्त विद्यालयाची असो वा राज्य मंडळाची, उत्तरपत्रिका त्याच पद्धतीने तपासली जाते. एप्रिलमध्ये ती वही मला पाठवा. तिने आपले एखादे मत बदलल्याच्या किती नोंदी तीत आहेत, आणि आपण स्वतःचे किती बदललेत, हे पाहून घरी शिकवण्याविषयी पुन्हा बोलू.

तोवर वाट्यांचा प्रयोग पुन्हा करायचा झाल्यास त्याची मांडणी आजींना करू द्या. दूध किती घ्यायचे, झाकण ठेवायचे की नाही, आणि कशाला बिघडले म्हणायचे, हे त्यांनीच आधी सांगावे आणि नातीने ते लिहून घ्यावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक